जिलेबीची अक्षरं प्लॅस्टिकची का दिसतात? फोटोशॉपमध्ये या चुका टाळा

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला कोल्हापुरात चौकाचौकात जिलेबीचे स्टॉल लागतात. त्याच्या आठवडाभर आधी आमच्याकडे ठरलेली मागणी येते: "फ्लेक्सवर 'जिलेबी' हा शब्द जिलेबीचाच करून द्या." पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा तयार डिझाइन बघून दुकानदार म्हणाले, "ही जिलेबी न्हवं ओ, बागंला पाणी घालायची पायप हाय." खरं सांगायचं तर पाईपच होती. नारंगी रंग, वर पांढरी लकाकी, खाली काळी सावली, बास.

तेव्हा मी नेटवरचा चॉकलेटच्या अक्षरांचा धडा बघून नुसते रंग बदलले होते. पहिली चूक तीच. आता मी आधी पावशेर जिलेबी आणतो, ताटलीत ठेवून खिडकीजवळ नेतो आणि फोनवर जवळून फोटो काढतो. (उरलेली कुठे जाते ते विचारू नका.) फोटो मोठा करून बघितला की कळतं: चकाकी सलग पट्ट्यासारखी कुठेच नसते, तिचे बारीक तुटक ठिपके असतात. जाडी सगळीकडे सारखी नसते. तईवर हात जिथे रेंगाळला तिथे वेढा फुगतो, सुटला तिथे शेपूट बारीक होते. कडा तांबूस, जरा जळकट. मध्ये पाक भरलेला, म्हणून तिथे उजेड आत शिरल्यासारखा वाटतो. आणि दोन वेढे जिथे एकमेकांवर चढतात, तिथे पाक साचून सगळ्यात जास्त चमक येते.

आता अक्षरांकडे. नेटवरचे बहुतेक धडे रोमन अक्षरांसाठी केलेले असतात, तिथे प्रत्येक अक्षर सुटं. आपल्याकडे शिरोरेषा आहे. अक्षरं मोकळी दिसावीत म्हणून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र बेव्हल (कडांना फुगीर उठाव देणारा इफेक्ट) लागतो. मग शब्द दातांच्या कवळीसारखा दिसतो. 'जि'मधली वेलांटी 'ज'च्या आधी न येता नंतर जाऊन बसत असेल तर फॉन्टला दोष देऊ नका. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप या भागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि मजकूर नव्या लेअरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) टाइप करा.

फॉन्टचंही तसंच. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' मला फार आवडतो, पण त्याच्या गुबगुबीत अक्षरांमधल्या फटी केसाएवढ्या बारीक आहेत. बाहेरच्या बाजूने स्ट्रोक (कडेची रेघ) दिला की त्या बुजतात आणि शब्द वाचता येत नाही. पेढा, श्रीखंड, लोणी यांना तो शोभतो. जिलेबीला कुठलाच तयार फॉन्ट नीट शोभत नाही, कारण जिलेबी म्हणजे ओढलेली रेघ. पेन टूलने अक्षराचा मधला मार्ग काढा आणि कडक कडेच्या गोल ब्रशने त्यावर 'स्ट्रोक पाथ' करा. ब्रशच्या 'शेप डायनॅमिक्स'मध्ये साइझ 'पेन प्रेशर'वर ठेवून 'सिम्युलेट प्रेशर'ची खूण केली तर टोकं आपोआप बारीक होतात.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा: वेढ्यांची ओलांड. 'ब'च्या पोटात किंवा 'ल'च्या गोलात वेढा स्वतःलाच ओलांडतो. सगळं एकाच लेअरवर असेल तर तिथे सपाट डाग पडतो, कारण बेव्हल फक्त लेअरच्या बाह्य कडेवरून चालतो. आत कोणती रेघ वर आणि कोणती खाली, हे त्याला कळायचं कसं? म्हणून ओलांडीपासून थोडं लांब रेघ तोडा आणि वरचा भाग वेगळ्या लेअरवर घ्या. दोन्ही तुकडे सांध्यावर जरासे एकमेकांवर येऊ द्या. पण वरच्या तुकड्याला तिथे गोल टोक दिसेल. ते झाकायला मास्क (लेअरचा नको तो भाग लपवणारा पडदा) लावला तर बेव्हल मास्कच्या कडेलाही चिकटतो आणि नवीनच टोक तयार होतं! इथे मी अख्खी दुपार घालवली आहे. उपाय एका खुणेचा आहे: लेअरच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये 'लेअर मास्क हाइड्स इफेक्ट्स' चालू करा. मग मास्क टोकासकट इफेक्टही झाकतो आणि सांधा दिसत नाही. वरच्या तुकड्याला तीन-चार पिक्सेल अंतराची तपकिरी ड्रॉप शॅडो द्या, लगेच वेढा वेढ्यावर बसतो.

प्लॅस्टिकपणा येतो तो बेव्हलच्या मूळ रंगांमुळे. हायलाइट शुभ्र आणि सावली काळी, हे दोन्ही बदलल्याशिवाय पुढे जाऊच नका. हायलाइटला फिकट पिवळा, सावलीला विटकरी. त्यावर 'मल्टिप्लाय' या (खालचा रंग गडद करणाऱ्या) ब्लेंडिंग मोडमध्ये तांबूस इनर शॅडो, आणि 'सेंटर' निवडून हलका केशरी इनर ग्लो. पाक आत आहे असं वाटतं ते या शेवटच्या दोघांमुळे. चकाकीचे ठिपके मात्र हाताने, नव्या लेअरवर, छोट्या ब्रशने काढा. त्यासाठी बेव्हलमधल्या ग्लॉस काँटूरशी (चकाकीचा आकार ठरवणारी सोय) झटापट करून मी कंटाळलो, तुम्ही करू नका. नॉइजचं (दाणेदारपणाचं) म्हणाल तर अगदी चिमूटभर, नाहीतर जिलेबीचा रवा होतो.

प्रकाशाची दिशा एकदाच ठरवा. 'यूज ग्लोबल लाइट'ची खूण असताना एका लेअरचा कोन फिरवला की बाकीच्या लेअरचाही फिरतो. "मघाशी बरं दिसत होतं, आता काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच असतं. मागे ताटलीचा फोटो ठेवणार असाल तर त्यातला उजेड ज्या बाजूचा, तोच कोन अक्षरांना.

आकाराची चूक महागात पडते. ६ बाय ३ फुटांचा फ्लेक्स ७२ रिझोल्यूशनला म्हणजे ५१८४ बाय २५९२ पिक्सेल. मी एकदा १२०० पिक्सेलवर सगळं रंगवलं आणि फ्री ट्रान्सफॉर्मने ताणलं. अक्षरं मोठी झाली, पण इफेक्टचे आकडे जिथल्या तिथेच राहिले. फुगीर जिलेबीची सपाट पट्टी झाली, कडेला दोऱ्याएवढा बेव्हल. लेअर स्टाइलच्या मेनूत 'स्केल इफेक्ट्स' आहे, त्याने टक्केवारी वाढवता येते. स्मार्ट ऑब्जेक्ट (लेअर आत बांधून ठेवणारी पेटी) करत असाल तर स्टाइल त्याच्या आत ठेवा, बाहेर लावलेली पुन्हा जशीच्या तशीच राहते. त्यापेक्षा सुरुवातच खऱ्या मापावर केलेली बरी.

राहिला रंग. स्क्रीनवरचा पेटता केशरी शाईत उतरत नाही, छापल्यावर मळकट होतो. काम चालू असतानाच कंट्रोल-वाय दाबून छपाईचा रंग बघत राहा. कंट्रोल-शिफ्ट-वायने कुठले रंग हाताबाहेर गेले तेही दिसतं. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या मोडमध्ये) नेण्याआधी फाइलची प्रत करून ती फ्लॅटन करा, म्हणजे सगळे लेअर एक करा, कारण लेअर ठेवून मोड बदलला की 'स्क्रीन' आणि 'मल्टिप्लाय' या ब्लेंडिंग मोडचे हिशेब नव्याने होतात आणि चकाकी विझते. आणि प्रेसवाल्याला गोडीत सांगून 'जि' एवढा तुकडा आधी छापून घ्या. तो दुकानाच्या दारात उन्हात धरा, रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा. माझ्या दुसऱ्या खेपेला दुकानदारांनी तसंच पाहिलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाक जरा कमी करा."