डिमेन्शियातील दैनंदिन कामांची घसरण मोजताना या चुका टाळा

स्मरणशक्तीची चाचणी घेतली म्हणजे डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) मोजमाप झाले असे समजू नये. औषधांच्या वेळा, पैशांचे व्यवहार, आंघोळ, कपडे अशी कामे ती व्यक्ती आता किती स्वतंत्रपणे करते, हे स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. या नोंदीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे त्या व्यक्तीची तुलना तिच्याच पूर्वीच्या क्षमतेशी न करता एखाद्या सर्वसाधारण आदर्शाशी करणे.

ज्या आजोबांनी आयुष्यात कधी चहासुद्धा केला नाही, त्यांना ‘स्वयंपाक जमत नाही’ म्हणून गुण कापले, तर ती आजाराची नोंद न होता घरातल्या कामाच्या वाटणीची नोंद होते. लॉटन आणि ब्रोडी या अमेरिकी संशोधकांच्या १९६९च्या, दैनंदिन कामांना गुण देणाऱ्या मोजपट्टीत ८ कामे आहेत, परंतु मूळ पद्धतीत स्वयंपाक, घरकाम व कपडे धुणे वगळून पुरुषांसाठी ५च धरली जात. हा तोडगा आज अपुरा वाटतो, कारण एकट्याने राहून वर्षानुवर्षे स्वयंपाक करणारे पुरुष आहेत आणि बँकेचा व्यवहार कधीच न केलेल्या स्त्रियाही आहेत. म्हणून प्रत्येक कामापुढे ‘पूर्वी करत असत का’ हे आधी लिहावे आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर ते काम गमावलेल्या कामांत धरू नये. शाळेत न गेलेल्या ग्रामीण वृद्धांसाठी प्रश्नच वेगळे लागतात. हरियाणातील बल्लभगड परिसरात अशा वृद्धांसाठी ११ प्रश्नांची भारतीय मोजपट्टी याच गरजेतून तयार झाली.

दुसरी चूक केवळ रुग्णाला विचारण्याची. ‘मी सगळे स्वतः करतो’ हे उत्तर खोटेपणाचे नसते. आपल्यातील उणीव न जाणवणे हा या आजाराचाच भाग असू शकतो. तरीही त्यांचे म्हणणे आदराने ऐकावे आणि नंतर सोबत राहणाऱ्या व्यक्तीला विचारावे. दर वेळी तीच व्यक्ती माहिती देईल असे पाहावे, कारण परगावाहून सणाला येणारा मुलगा आणि रोज हाताशी असलेली सून यांचे उत्तर क्वचितच जुळते. थकलेल्या काळजीवाहकाला परिस्थिती आहे त्याहून वाईट दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

‘करू शकतात’ आणि ‘करतात’ यांची गल्लत करू नये. घाई असते म्हणून घरच्यांनीच सदऱ्याची बटणे लावून दिली, तर कौशल्य हरवले असे सिद्ध होत नाही. काम सुरू करायला आठवण द्यावी लागते, मधल्या पायऱ्या चुकतात, की हातच थरथरतात, हे वेगवेगळे लिहावे.

गुण चार-दोन दिवसांत अचानक घसरले, तर आजार वाढला असा निष्कर्ष काढू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा नवे औषध यांमुळे असे होऊ शकते, त्यामुळे लगेच डॉक्टरांना दाखवावे. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे आणि गुडघेदुखी यांचा परिणामही डिमेन्शियाच्या खात्यावर जमा होतो, म्हणून ही कारणे आधी तपासावीत.

शेवटी गुणांची दिशा पाहावी. लॉटनच्या मोजपट्टीत जास्त गुण म्हणजे जास्त स्वावलंबन, तर १९८२च्या फेफर यांच्या १० प्रश्नांच्या प्रश्नावलीत ३०पैकी जास्त गुण म्हणजे जास्त परावलंबन. त्यामुळे फाइलमध्ये नुसता आकडा न लिहिता मोजपट्टीचे नाव, तारीख आणि माहिती देणाऱ्याचे नातेही लिहावे.