‘कुजणारा’ कागद अंथरण्याआधी

पावसाळ्याच्या तोंडावर गादीवाफे तयार होतात आणि मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा आच्छादनाचा कागद), रोपांच्या पिशव्या, बांधायची दोरी यांची खरेदी सुरू होते. हल्ली बऱ्याच मालावर ‘जैवविघटनशील’ असं छापलेलं असतं. म्हणजे जिवाणू आणि बुरशी ती वस्तू खाऊन टाकतात. मागे उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा जैविक अंश. पण हे कुठे, किती उष्णतेत आणि किती दिवसांत होतं, हे काही तो शब्द सांगत नाही. आपल्याला तर नेमकं तेच हवं असतं.

पीएलए म्हणजे स्टार्चपासून बनणारं प्लास्टिक घ्या. कारखान्यातल्या ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या खतढिगात ते काही महिन्यांत संपतं, शेताच्या थंड मातीत मात्र वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. म्हणून वेष्टनावर ‘कंपोस्टेबल’ एवढंच वाचून थांबू नका, ‘मातीत कुजणारा’ असं लिहिलंय का ते बघा. आच्छादनाच्या कागदासाठी ईएन १७०३३ हे २०१८ चं युरोपीय मानक आहे: साधारण २५ अंशांच्या मातीत दोन वर्षांच्या आत किमान ९० टक्के विघटन. ‘ऑक्सो’ लिहिलेला माल, म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेलं साधं प्लास्टिक, मी तरी घेणार नाही. तो कुजत नाही, त्याचा नुसता चुरा होतो, आणि तो चुरा वेचणार कोण?

कुजणारा कागद एका हंगामापुरताच घ्या, साठवून ठेवला तर तो ठिसूळ होतो. अंथरताना फार ताणू नका. काढणी झाली की आधी ठिबकच्या नळ्या गोळा करा, मग वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, कागद मातीत मिसळा. साधा प्लास्टिकचा कागद असेल तर नांगर घालण्याआधी तो पूर्ण उचला.

काड, पाचट, वाळलेलं गवत हे आच्छादन सगळ्यांत खात्रीचं. मात्र ते वरच राहू द्या. गव्हाच्या काडात नत्राच्या जवळपास ८० पट कर्ब असतो, लाकडाच्या भुशात त्याहून कितीतरी जास्त. असलं काही मातीत मिसळलं, की कुजवणारे जिवाणू पिकाच्या तोंडचं नत्र पळवतात आणि पानं पिवळी पडतात.

कागदी किंवा काथ्याच्या कुंडीतलं रोप कुंडीसकट लावताना कुंडी आधी चिंब भिजवा. तिचा काठ मातीवर डोकावत असेल तर फाडून टाका. उघडा काठ वातीसारखा पाणी वर ओढून उडवतो आणि मुळांभोवतीची माती कोरडी पडते. वेलांना सुतळी बांधा, म्हणजे शेवटी वेल दोरीसकट खतखड्ड्यात टाकता येतो.

शंका असेल तर कागदाचा तळहाताएवढा तुकडा नायलॉनच्या जाळीत घालून वीतभर खोल पुरा आणि दर महिन्याला उकरून बघा. जागेवर काठी रोवायला विसरू नका. माझी एक जाळी अजून सापडलेली नाही.