इमारतीचा जिना आगीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून

गोव्यातल्या कितीतरी इमारतींची रचना सारखीच: खाली स्टिल्ट पार्किंग (खांबांमधली गाड्यांची मोकळी जागा), वर तीन-चार मजले, एकच जिना आणि जिन्याखाली मीटरचं पॅनेल. आग लागण्याची जागा आणि बाहेर पडण्याची एकुलती एक वाट शेजारी शेजारी. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्यातल्या नाइटक्लबच्या आगीत 25 जणांचा जीव गेला, त्यांतले बरेचसे धुरात गुदमरून गेले. इमारतीतही आधी जीव घेतो तो धूर. गरम धूर वर चढतो आणि उघडा जिना त्याची चिमणी होतो. म्हणून सामायिक जागेतल्या प्रत्येक वस्तूबद्दल सोसायटीच्या कमिटीने एकच प्रश्न विचारावा: ही पेटली तर धूर जिन्यात शिरेल का? शिरणार असेल तर ती तिथून हलवायची.

या प्रश्नाने जिन्यावरची निम्मी अडगळ आपोआप निघते. प्लायवूडचा शू-रॅक, रबरी चपला, जुनी गादी, रंगाचे अर्धे डबे, पुठ्ठ्याची खोकी. फोम आणि रबराचा काळा धूर दोन-तीन मिनिटांत वरचा मजला भरून टाकतो. पॅसेजमध्ये चोरांच्या भीतीने लावलेली कुलूपबंद ग्रील काढून टाका. हवीच असेल तर आतून चावीशिवाय उघडणारी कडी बसवा. गच्चीच्या दारालाही हाच नियम: आतल्या बाजूने नुसती कडी, टाळं नको.

पावसाळ्यात आणखी एक चूक हमखास होते. पाऊस आत येतो म्हणून जूनमध्ये जिन्याच्या जाळ्यांना निळं प्लास्टिक बांधतात आणि ते दिवाळीपर्यंत तसंच राहतं. धूर बाहेर जायची वाट बंद होते, शिवाय प्लास्टिक स्वतः पेटून वितळतं. त्याऐवजी अॅल्युमिनियमच्या तिरप्या पट्ट्या बसवा आणि सर्वांत वरच्या मजल्याची जाळी काहीही झालं तरी झाकू नका.

मीटरच्या जागेला जास्त वेळ द्या. खारी, दमट हवा तांब्या-पितळेच्या जोडांवर गंज चढवते, जोड सैल पडतो आणि सैल जोड तापतो. त्यातच इमारत बांधली तेव्हा घरात पंखे होते, आता प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन-तीन एसी. फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणीतरी जाड तार घालतो, आणि मग फ्यूजच्या ऐवजी वायर तापत राहते. पॅनेलजवळ मासळीसारखा वास आला तर शेजारी बांगडे भाजतायत असं समजून पुढे जाऊ नका. काही प्रकारचं प्लास्टिक आणि बेकलाइट तापलं की असाच वास येतो. वायरचं आवरण तपकिरी किंवा कडक झालेलं, पॅनेलचा पत्रा हाताला गरम, अधूनमधून करकर आवाज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी वीज खात्याला कळवा. मीटर आणि त्याचं सील वीज खात्याचं, त्याला हात लावू नका. मीटरनंतरचं वायरिंग सोसायटीचं: परवानाधारक कंत्राटदाराला एप्रिल-मेच्या रात्री, सगळे एसी चालू असताना, थर्मल कॅमेऱ्याने (उष्णता दाखवणाऱ्या) तपासायला सांगा. तापलेला जोड तेव्हाच दिसतो. नंतर वीज बंद करून सगळे स्क्रू आवळून घ्या.

मीटरच्या खोलीत झाडू, झावळ्या, जुने बोर्ड काहीही ठेवायचं नाही. केबल आणि इंटरनेटवाले स्लॅबला भोक पाडून निघून जातात, त्या भोकांतून धूर मजल्यामजल्यांवर पोचतो. ती रॉकवूल (न जळणारी खनिज लोकर) आणि फायर सीलंटने (आगीत टिकणारं लांबी-सारखं भरण) बुजवा. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरू नका, तो स्वतःच जळतो.

स्टिल्टमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज होत असतील तर जिन्याच्या पायथ्यापासून आणि पेट्रोलच्या गाड्यांपासून लांब, भिंतीवर पक्का 16 अँपिअरचा सॉकेट द्या, त्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त विजेचा भार आला की बंद होणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की बंद होणारा स्विच). वरून सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड चालवून घेऊ नका. बॅटरी काढून घरी नेणाऱ्यांनी ती दाराजवळ लावू नये. पेटली तर बाहेर पडायची वाटच जाते. अशी बॅटरी पेटली तर अग्निशामक सिलिंडरच्या पावडरने ज्वाळा क्षणभर बसतात, पण आतली उष्णता जात नाही आणि ती पुन्हा भडकते. लोकांना लांब न्या, बंबाची वाट बघा.

दिवाळीआधी मुलं जाळण्यासाठी नरकासूराचा पुतळा करतात तेव्हा गवत, कागद आणि फटाके नेमके स्टिल्टमध्ये, गाड्यांच्या मधोमध साठतात. सांगाडा आत बांधू द्या, पण गवत भरणं अंगणात, आणि फटाके भरणं अगदी शेवटी.

अग्निशामक सिलिंडर दर मजल्याला जिन्याजवळ एक, 6 किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कागद, तेल आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारा). मीटरसाठी 4.5 किलोचा कार्बन डायऑक्साइडचा, खोलीच्या आत न ठेवता दाराबाहेर. दोन्ही भिंतीला टांगा. ओल्या फरशीवर ठेवलेल्या सिलिंडरचं बूड आपल्याकडच्या हवेत लवकर गंजतं. दर महिन्याला एबीसीचा दाब दाखवणारा काटा हिरव्यात आहे का, पिन आणि सील शाबूत आहे का, नळीला भेग आहे का ते पाहा. दमट हवेत पावडर तळाशी बसून घट्ट होते, म्हणून सिलिंडर उलटा करून बुडावर हाताने थोपटा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजन करूनच कळतो: आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून आणा. एबीसी एकदा थोडासा जरी वापरला तरी पुन्हा भरावाच लागतो, कारण व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो.

वापरताना पिन ओढा, पाठ बाहेरच्या वाटेकडे ठेवा, दोन-तीन मीटरवरून आगीच्या बुडाशी रोख धरा, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवा. पंधरा-वीस सेकंदांत सिलिंडर रिकामा होतो, तेवढ्यात विझली नाही तर मागे फिरा. कार्बन डायऑक्साइडचं भोंग्यासारखं तोंड हातात धरू नका, ते गोठवणारं थंड होतं. मीटरवर पाणी मारू नका.

पॅसेजचे बॅटरीवाले दिवे तपासायला वेगळा दिवस नको. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा गच्चीपासून खाली चालत या आणि कुठल्या पायऱ्या अंधारात आहेत ते लिहून ठेवा. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये दाराच्या आतल्या बाजूला जिन्याची दिशा आणि 101 लिहिलेला कागद चिकटवा; त्या लोकांना इमारतीची काहीच माहिती नसते.

आग लागलीच तर बाहेर पडताना घराचं दार ओढून घ्या, बंद दार धूर अडवतं. लिफ्ट नको. दार उघडल्यावर जिन्यात दाट धूर दिसला तर पायरीवर उतरू नका. परत आत, दार बंद, खालच्या फटीत ओला टॉवेल, आणि बाल्कनीत उभं राहून 101 किंवा 112 लावा. मजला आणि अडकलेल्या माणसांची संख्या सांगा. नुसतं इमारतीचं नाव पुरत नाही. वाड्याचं (गावातल्या वस्तीचं) नाव, जवळचं देऊळ किंवा कपेल (छोटं चर्च) सांगा, आणि खाली सुखरूप असलेल्या कोणाला तरी मुख्य रस्त्याच्या वळणावर बंबाला हात दाखवायला उभं करा.