सोलापुरात खोली बघताय? आधी हौदाचं झाकण उचला

सोलापुरात नव्याने आलेल्याला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कळतात. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चालते, आणि नळाला पाणी रोज येत नाही. भाषांची सवय आपोआप होते. पाण्याची तयारी मात्र सामान उतरवण्याआधी करावी लागते, म्हणून घरमालकाला भाडं नंतर विचारा. आधी विचारा: पाणी किती दिवसांआड येतं, किती वाजता, किती वेळ टिकतं, आणि हौद कितीजणांत आहे? हेच प्रश्न शेजारच्या बाईंनाही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर शेजारणीचं खरं धरा.

हौदाचा हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा, लिटर मिळतील. 5 × 4 × 4 फुटांच्या हौदात साधारण 2,240 लिटर मावतं. काटकसरीनेही माणशी रोज 80 लिटर लागतं, म्हणजे चौघांना 320. पाणी चार दिवसांआड येत असेल तर सहा दिवसांचं धरा, कारण उन्हाळ्यात किंवा जलवाहिनी फुटली की पाळी पुढे सरकते. म्हणजे 1,920 लिटर हवं. हाच हौद तीन बिऱ्हाडांत असेल तर तुमच्या वाट्याला साडेसातशे येतं आणि ते सव्वादोन दिवसांत संपतं. मग कमी पडणाऱ्या पाण्यासाठी 200 लिटरची पिंपं घ्यायची. भरलेल्या एका पिंपाचं वजन दोन क्विंटल होतं, म्हणून ती पुढे आलेल्या गॅलरीत ठेवू नका.

पाण्याच्या दिवशी सुरुवातीचं गढूळ पाणी वेगळ्या बादलीत घ्या, ते संडासाला चालतं. धार स्वच्छ झाली की पिण्याचं भरा. तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवून रात्रभर ठेवलं की गाळ बसतो, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. वरचं पाणी निथळून उकळावंच लागतं. नळाला थेट टिल्लू पंप जोडण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. एक तर ते नियमबाह्य आहे, शिवाय पंपाच्या ओढीने जमिनीखालच्या फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं आणि ते आपल्याच हंड्यात पडतं.

साठवलेल्या पाण्याचं दुसरं दुखणं डेंग्यू. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात, ती ब्रशने घासूनच निघतात.

खोली दुपारी तीनला बघा. सकाळी पत्र्याची खोलीही गारच वाटते. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो. हवा कोरडी असल्याने कूलर छान चालतो, पण तो स्वतःच दिवसाला तीस-चाळीस लिटर पितो. तेही हिशेबात धरा.

भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी करायची असते आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. विजेसाठी सबमीटर असेल तर युनिटचा दर करारातच लिहून घ्या. एका मीटरवर चार खोल्या असल्या की एकूण वापर वरच्या, महागड्या टप्प्यात जातो आणि वाद तिथूनच सुरू होतो.

बाहेरच्या राज्यातलं रेशनकार्ड आधारशी जोडलेलं असेल आणि त्यावर धान्य मिळत असेल, तर इथल्या दुकानातही मिळतं. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला यायचा असला तरी आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही.

पत्ते वेशींनी सांगतात: विजापूर वेस, तुळजापूर वेस, बाळीवेस. वेशीचं दार शोधत फिरू नका, नाव तेवढं उरलंय. कामासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत जायचं असेल तर खोली शहराच्या पूर्वेला बघा. जुळे सोलापूर ऐसपैस आहे, पण रोजची ये-जा शहर ओलांडून करावी लागेल. सामान हलवायला जानेवारीचा मध्य टाळा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुका निघतात आणि टेम्पो तासन्‌तास अडकतो.

पाणी तापवण्याइतकाही वेळ नसेल अशा दिवसांसाठी घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा. भाकरी हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकते, ओल लागली की मात्र बुरशी धरते. आमटीत चुरून दोन मिनिटं भिजू द्या. चटणी पाव किलोच घ्या, आणि आधी वास घ्या. शेंगदाण्याचं तेल खवट झालं की ती पोटाला बाधते.

‘काय करलालास बे?’ हे ऐकून दचकू नका, ते भांडण नाही, चौकशी आहे. पण ‘बे’ बरोबरीच्या मित्रालाच म्हणायचं. वडीलधाऱ्या तेलुगू बाईंना ‘अक्का’, पुरुषांना ‘अण्णा’ म्हटलं की काम सोपं होतं. आणि दोन वाक्यं पहिल्याच दिवशी पाठ करा. कन्नड घरातून ‘नीरु बंतु’ किंवा तेलुगू घरातून ‘नीळ्ळु वच्चिनय’, म्हणजे ‘पाणी आलं’, अशी हाक आली, मग ती पहाटे तीनला का असेना, की उठून नळ सोडायचा.