नवरा अमेरिकेत, अर्ज चालू आणि बाळाची चाहूल : कागदांच्या तयारीची यादी

लग्न झालं, नवऱ्याने तिकडून आय-१३०, म्हणजे बायकोला अमेरिकेत बोलावण्याचा अर्ज, भरला, पावती आली, आणि वाट बघण्याच्या वर्ष-दीड वर्षात दिवस राहिले. हे इतक्या घरांत घडतं की त्याची वेगळी यादी असायलाच हवी. डिंक, अळीव, दुपटी, लंगोट यांची यादी आई आणि सासूबाई करतीलच. ही कागदांची आहे. शक्यतो सातव्या महिन्याच्या आत ती हातावेगळी करा. त्यानंतर रांगेत उभं राहवत नाही, आणि बाळंतपण झाल्यावर सव्वा महिना कोणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. मी लिहितेय ते अमेरिकेच्या अर्जाबद्दल, बाळंतपण महाराष्ट्रात होणार असं धरून.

सुरुवातीला फायली बाजूला ठेवा आणि नवऱ्याला एकच प्रश्न विचारा. बाळाचा जन्म होईल त्या दिवशी तुम्ही अमेरिकेचे नागरिक असाल की ग्रीन कार्डधारक? बाळाचं पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. आईचा अर्ज आहेच, बाळ त्यात आपोआप जाईल, अशी घरोघरी समजूत असते, आणि त्या समजुतीपायी लोकांचे महिनेच्या महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. नागरिकाच्या पत्नीचा अर्ज तिच्या एकटीचा असतो. त्यात मूल जोडता येत नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीचा अर्ज एफ२ए गटात जातो, तिथे मात्र बाळाचा जन्मदाखला पाठवून त्याचं नाव आईच्या केसमध्ये घालता येतं.

नवरा नागरिक असेल तर बाळ बहुधा जन्मतःच अमेरिकेचं नागरिक असतं आणि त्याला व्हिसा लागतच नाही. बहुधा म्हणते, कारण त्याला एक अट आहे. बाळाच्या जन्माआधी वडिलांचा अमेरिकेत एकूण पाच वर्षं प्रत्यक्ष मुक्काम झालेला हवा, आणि त्यातली किमान दोन वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची हवीत. ही वर्षं नागरिक झाल्यानंतरचीच असावी लागत नाहीत. विद्यार्थी व्हिसावरची, एच-वन-बीवरची, ग्रीन कार्डावरची सगळी धरतात. भारतात घालवलेल्या सुट्ट्या तेवढ्या वजा होतात. म्हणजे एमएस करायला गेला, नोकरी धरली, ग्रीन कार्ड आणि मग नागरिकत्व घेतलं, अशा मुलाला काळजी नाही. अडचण येते ती वेगळ्याच मुलांना: अमेरिकेत जन्मलेले, पण आईवडील परत आल्यामुळे पुण्यात नाहीतर नाशकात वाढलेले. पासपोर्ट अमेरिकेचा असतो, पण पाच वर्षं भरत नाहीत. तसं असेल तर बाळ जन्मल्यावर लगेच त्याच्यासाठी स्वतंत्र आय-१३० भरावा लागतो. असं बाळ स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत शिरलं आणि नागरिक वडिलांकडे राहू लागलं की २०००च्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार तेही आपोआप नागरिक होतं. वाट आहे, फक्त लांबची आहे. ती लांबची आहे हे पाचव्या महिन्यात कळलेलं बरं.

ग्रीन कार्डधारक नवऱ्याचा नागरिकत्वाचा अर्ज चालू असेल तर तारखा फार जपून बघा. शपथविधीनंतर जन्मलेलं बाळ, वरची पाच वर्षांची अट भरत असेल तर, जन्मतः नागरिक. शपथविधीच्या आदल्या दिवशी जन्मलेलं बाळ नागरिक नाही. शिवाय वडील नागरिक झाले की तुमची केस एफ२ए मधून नागरिकाच्या पत्नीच्या गटात जाते आणि त्याच क्षणी बाळ तुमच्या अर्जातून बाहेर पडतं. त्याच्यासाठी मग वेगळा आय-१३० लागतो. हे कोणी आपणहून सांगत नाही. शपथेची तारीख आणि प्रसूतीची तारीख जवळ येत असतील तर वकिलाची फी द्यायची ती याच वेळी.

आता नवऱ्याचा गृहपाठ. तुम्ही इकडे उलट्या आणि सोनोग्राफ्या सांभाळत असताना त्याने तिकडे आपल्या मुक्कामाचा पुरावा जमवावा: कॉलेजची गुणपत्रकं, दरवर्षीचे डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला), घरभाड्याचे करार, जुने-नवे सगळे पासपोर्ट, येण्याजाण्याची आय-९४ची नोंद. वर्षागणिक एक फोल्डर करावा आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो अमेरिकेबाहेर होता, याचा एक साधा तक्ता करावा. एक गोष्ट अवघडल्यासारखी वाटेल, पण सांगायलाच हवी. दूतावासात विचारतात की दिवस राहिले त्या सुमारास नवराबायको एकत्र होते का. तेव्हाचे त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, दोघांचे फोटो वेगळे काढून ठेवा. तुमच्या बाजूने पहिल्या तपासणीपासूनची दवाखान्याची फाइल, प्रत्येक सोनोग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, बिलं यातलं काहीही टाकू नका. डोहाळजेवणाचे फोटोसुद्धा यात कामाला येतात. पुरावा अपुरा वाटला तर डीएनए चाचणी सुचवली जाते आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो.

ज्यावर सगळ्यात जास्त जीव ओतावा असं मला वाटतं ते काम अगदी किरकोळ दिसतं. ते म्हणजे हॉस्पिटलमधला जन्मनोंदीचा फॉर्म. बाळ झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सिस्टर तो घेऊन येतात, आणि तुम्ही झोपेत असताना घरातलं कोणीतरी तो भरून देतं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, हॉस्पिटलची फाइल सासरच्या नावाची, विवाह नोंदणी दाखल्यावर तिसरंच काहीतरी, आणि नवऱ्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर दोन ए तर दुसऱ्यावर एकच. हे सगळं बाळाच्या दाखल्यावर उतरतं आणि पुढे प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो. म्हणून आठव्या महिन्यातच एका कागदावर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, आईचं नाव तिच्या पासपोर्टप्रमाणे आणि वडिलांचं नाव त्यांच्या पासपोर्टप्रमाणे लिहा. त्याच्या प्रती काढा. एक हॉस्पिटलच्या बॅगेत, एक आईकडे, एक सासऱ्यांकडे. प्रवेश घेतानाच हॉस्पिटलच्या फाइलवरही हेच नाव घालायला सांगा.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. शहरात महापालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. हॉस्पिटलमधल्या जन्माची माहिती हॉस्पिटलच कळवतं, पण ती गेली का, हे घरच्यांनी विचारावं. नावाची घाई नाही. नोंदीनंतर वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं. तरी बारशाआधीच दोघांनी नाव पक्कं करून ठेवलं तर दाखला नावासकट एकदाच निघतो, कारण नाव नसलेला दाखला पासपोर्टाच्या कामाला उपयोगी नाही. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा आणि चार-पाच प्रती मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो, त्यामुळे तो बिनचूक असणं आता आणखीच महत्त्वाचं.

जन्मतः नागरिक असलेल्या बाळासाठी वाणिज्य दूतावासात दोन अर्ज करायचे: परदेशातील जन्माचा अहवाल, ज्याला सगळे सीआरबीए म्हणतात, आणि पासपोर्ट. पहिल्याची फी १०० डॉलर, दुसऱ्याची १३५. अर्ज ऑनलाइन भरून मग मुलाखतीला बाळाला घेऊन जावं लागतं. नवरा येऊ शकला तर उत्तमच. रजा बारशाला द्यायची की या भेटीला, असा प्रश्न आला तर मी म्हणेन भेटीची तारीख मिळाल्यावर बारसं तिच्या आसपास ठेवा. तो येणारच नसेल तर त्याने डीएस-५५०७ (पितृत्व आणि अमेरिकेतल्या मुक्कामाचं प्रतिज्ञापत्र) आणि डीएस-३०५३ (पासपोर्टसाठीची संमती) हे दोन फॉर्म तिकडे नोटरीसमोर सही करून मूळ प्रती पाठवाव्यात. डीएस-३०५३ तीनच महिने चालतो, तेव्हा तो फार आधी करून ठेवू नये.

फोटो घरीच काढता येतो. बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणं ठेवा, सावली पडू देऊ नका, फोटोत कोणाचा हात दिसता कामा नये. टोपडं काढा. काजळ आणि तीट त्या दिवशी नको. आजीला आधी समजावून सांगा, फोटो झाल्यावर तिने हवी तेवढी लावावी. डोळे पूर्ण उघडे नसले तरी तान्ह्या बाळाचं चालतं.

जन्मतः अमेरिकी नागरिक असलेल्या बाळाचा भारतीय पासपोर्ट काढायला मात्र जाऊ नका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि दोन पासपोर्ट झाले की गुंता सोडवताना नाकी नऊ येतात. अमेरिकी पासपोर्टवर भारताचा व्हिसा नसतो, कारण बाळ इथेच जन्मलेलं. म्हणून ते देशाबाहेर जाण्याआधी ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर एक्झिट परमिटचा (देशाबाहेर जाण्याच्या परवान्याचा) अर्ज करावा लागतो. तिकिटाची तारीख ठरवताना यासाठी पुरेसे दिवस हाताशी ठेवा. विमानतळावर अडवलं जाण्याची ही जागा आहे. ग्रीन कार्डधारक वडिलांच्या बाळाचं उलट आहे. त्याला भारतीय पासपोर्ट लागतोच, त्याला दोन्ही पालकांची संमती लागते, आणि वडील अमेरिकेत असतील तर त्यांनी ती तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवायची. एफ२ए मध्ये आणखी एक बारकावा आहे. आईला व्हिसा मिळाल्यानंतर आणि प्रवास करण्याआधी बाळ झालं, तर ते व्हिसाच्या मुदतीत आईसोबत वेगळ्या व्हिसाशिवाय जाऊ शकतं. विमान कंपनीच्या काउंटरवर हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा आधी लेखी विचारून ठेवा आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा.

आता तुमची स्वतःची बाजू. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. तिथे जायचं काम पोट मोठं होण्याआधी करा. स्वतःचा जन्मदाखला शोधा. गावी घरात जन्म झालेल्यांचा तो नसतोच, किंवा त्यावर नाव नसतं, आणि ते दुरुस्त करायला तालुक्याला हेलपाटे पडतात. डीएस-२६० मध्ये, म्हणजे तुमच्या स्थलांतरित व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, मुलांची माहिती विचारतात. फॉर्म भरल्यानंतर बाळ झालं तर मुलाखतीला त्याचा दाखला न्या आणि आपणहून सांगा. लपवलेलं मूल, अगदी विसरून राहिलेलंही, पुढे फार महागात पडतं. नवऱ्याच्या आय-८६४ मध्ये, म्हणजे तुमचा खर्च उचलण्याच्या हमीपत्रात, घरातली माणसं एकाने वाढतात. २०२५च्या तक्त्यानुसार दोघांसाठी उत्पन्न साधारण २६,४०० डॉलर पुरत होतं, तिघांसाठी ३३,३०० लागत होते. नोकरदार नवऱ्याला हे जड नाही, पण तो अजून शिकत असेल तर सहप्रायोजक आत्ताच शोधावा.

वैद्यकीय तपासणी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते आणि तिचा अहवाल साधारण सहा महिने चालतो. त्यात छातीचा एक्स-रे असतो. गरोदर बाईला पोटावर संरक्षक आवरण घालून तो काढून घेता येतो किंवा बाळंतपणानंतर ढकलता येतो. ढकलला तर व्हिसाही तोवर थांबतो. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी गरोदरपणात देत नाहीत, आणि त्यासाठी केस नाकारतही नाहीत, डॉक्टर तशी नोंद करतात. दिवस असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. माझं मत विचाराल तर, मुलाखत आठव्या-नवव्या महिन्यात येत असेल तर ती पुढे ढकलावी, आईने दमून जाण्याइतकी घाई कशाचीच नाही. फक्त केसकडे पाठ फिरवू नका. वर्षभर तुमच्याकडून काहीच हालचाल नसेल तर ती बंद होऊ शकते, म्हणून व्हिसा केसच्या पोर्टलवर अधूनमधून निरोप टाकत राहा.

व्हिसा लवकर हातात पडला आणि बाळंतपण तिकडेच करायचं ठरलं, तर अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. नवऱ्याने ऑफिसात विम्याची चौकशी तिकिटाआधी करावी. अर्ज प्रलंबित असताना पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बाळंत होण्याचा विचार मात्र कोणी सुचवला तरी करू नका. जानेवारी २०२० पासूनच्या नियमानुसार, मुलाला नागरिकत्व मिळवून देणं हा प्रवासाचा मुख्य हेतू दिसला तर तो व्हिसा नाकारतात, आणि कायमचं राहायला जायचा अर्ज आधीच दाखल असलेल्या बाईचा हेतू वेगळा आहे हे पटवणं जवळजवळ अशक्य असतं.

निघताना लसीकरणाचं कार्ड बाळाच्या पासपोर्टसोबत ठेवा. त्यावर बीसीजीची तारीख स्पष्ट दिसते ना, बघा. पुसट असेल तर दवाखान्यातून इंग्रजीत लिहून, शिक्का मारून घ्या. अमेरिकेत ही लस सरसकट देत नाहीत, आणि दंडावरचा व्रण पाहून तिथल्या डॉक्टरांना प्रश्न पडतो. बालरोगतज्ज्ञांची पहिली वेळ नवऱ्याने तुम्ही पोचण्याआधीच घेऊन ठेवावी, कारण दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या आपल्या लशी आणि त्यांचं दोन, चार, सहा महिन्यांचं वेळापत्रक जुळवायला त्यांना तेच कार्ड लागतं.