नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जाताय? आधी एका जागी बसायला शिका

थंडी पडली की मला मेसेज यायला लागतात, कॅमेरा घेतलाय कोणती लेन्स घेऊ, फ्लेमिंगो आले का, रविवारी गेलं तर चालेल का. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा जे काही मला इतक्या वर्षांत कळलंय ते एकदाच लिहून काढतो. नाशिकमधे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे हे, ज्यांच्याकडे आधीच हजारो फोटो आहेत त्यांना यातलं बरंच माहीत असेल.

पहिले दोन-तीन आठवडे कॅमेरा घरीच ठेवा. खरंच सांगतोय. एक दुर्बीण घ्या, 8 बाय 42 ची, म्हणजे 8 पट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलीमीटरची असते, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही दिसतं. 20 पट वगैरे जाहिराती असतात त्यांच्या नादी लागू नका, हात जरा हलला की त्यातलं काहीच स्थिर दिसत नाही. ती घेऊन सकाळी गोदाकाठी जा, किंवा आपल्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर जा, दयाळ, शिंपी, वेडा राघू, भारद्वाज, खंड्या एवढे तरी रोज भेटतातच. बघताना रंगाच्या आधी आकार बघा, चोच कशी आहे, पाय किती लांब, शेपूट खाली-वर करतो का, जमिनीवर चालतो की उड्या मारतो. हे डोळ्यात बसलं की पुढे फोटो काढताना पक्षी आता काय करणार याचा अंदाज यायला लागतो आणि सगळा खेळ त्या अंदाजाचाच आहे. नाव सापडत नसेल तर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, फोटोवरून आणि आवाजावरून ओळखतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, त्याने सांगितलेलं नाव पुस्तकात उघडून ताडून बघा.

आता नांदूर मध्यमेश्वर. शहरापासून साधारण 40-45 किलोमीटर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. शंभरेक वर्षं त्याच्यामागे गाळ साचत गेला आणि त्यातून बेटं, उथळ पाणी, पाणवनस्पती असं सगळं तयार झालं, म्हणून पक्ष्यांना ते आवडतं. खोल धरणात बदकांना तळाशी चोच पोचत नाही, इथे पोचते. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, भरतपूर म्हणजे राजस्थानातलं प्रसिद्ध पक्षी अभयारण्य, 1986 ला अभयारण्य झालं आणि राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ, हीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, गावातली गाईड पोरं आहेत, त्यांना सोबत घ्याच. कालचा पक्षी आज कुठल्या कोपऱ्यात सरकलाय हे त्यांनाच माहीत असतं, आणि गावाला दोन पैसे मिळाले तरच पाणी आणि पक्षी राखायला गाव उभं राहतं.

उजाडायच्या आत तिथे पोचा, म्हणजे नाशिकहून पाचच्या सुमारास निघायचं. निफाडची थंडी सगळ्यांना माहितीच आहे, कानटोपी आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे हवेतच. कपडे मळकट हिरवे नाहीतर खाकी, पांढरा शर्ट घालून गेलात तर लांबूनच दिसता. सेंट मारू नका असं काही जण सांगतात, माझ्या मते त्यापेक्षा मोबाईलची रिंग बंद करणं जास्त महत्त्वाचं.

सेटिंगचं सांगतो. मोड मॅन्युअल, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, लेन्स देईल तेवढं उघडं, आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, ऑटोवर आणि त्याला 6400 ची मर्यादा. बसलेल्या पक्ष्याला शटर स्पीड 1/500 सेकंद पुरतो, उडणाऱ्याला 1/2000 च्या आसपास हवा. फोकस सतत चालू राहणारा ठेवा, कॅननवर त्याला एआय सर्वो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. फोकस डोळ्यावर, पंख थोडे हलले तरी चालतं पण डोळा हुकला तर फोटो मेलेला वाटतो. शक्यतो रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईलमधे, काढा. आणि बगळ्यांचं एक लक्षात ठेवा, कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं करायचं असतं, त्यामुळे गडद पाण्यावरचा पांढरा बगळा तो जास्त उजळ करून टाकतो आणि पिसांची एकही रेघ उरत नाही, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायचं सेटिंग, उणे एक करा. उलट आकाशात घार उडत असेल तर ती काळी ठिक्कर येते, तेव्हा अधिक एक. हे एवढं जमलं तरी निम्मे फोटो सुधारतात.

लेन्स 150-600 मिलीमीटरची असेल तर छान, 70-300 असेल तरी अजिबात खट्टू होऊ नका, थव्यांचे आणि धुक्यातल्या बेटांचे फोटो त्यावरच सुंदर येतात. ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग बरी. जुन्या जीन्सचा एक पाय कापायचा, दोन्ही टोकं शिवायची, आत दोन किलो तांदूळ, झाली तयार. मनोऱ्याच्या कठड्यावर ती ठेवून त्यावर लेन्स टेकवा, फक्त कोणी जिना चढत असेल तर थांबा कारण सगळा मनोरा हलतो. साडेनऊ-दहा वाजले की ऊन तापतं आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग लांबचा कितीही शार्प फोकस करा, फोटो मऊच येणार. दोष लेन्सचा नसतो, त्या वेळी कॅमेरा ठेवून दुर्बीण उचला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते मी चूक करून शिकलोय. काही वर्षांपूर्वी थापट्या बदकांचा थवा काठापासून जरा आत होता. ही बदकं खाताना गोल फिरतात, एकाच्या मागे एक, पसरट चोची पाण्यात घालून, पुढच्याने ढवळलेलं मागचा गाळून खातो. मला ते जवळून हवं होतं म्हणून बांधावरून वाकून वाकून खाली उतरलो. वीस पावलं गेलो असेन, एकाने मान वर केली, मग सगळ्यांनी, आणि एका झटक्यात पूर्ण थवा उठला, सोबत शेजारचे शे-दोनशे वारकरी, म्हणजे पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी, तेपण पाण्यावरून धावत सुटले. सोबतचा गाईड काहीच रागावला नाही, एवढंच म्हणाला, दादा, आता ती संध्याकाळपर्यंत इकडं यायची नाहीत. मनोऱ्यावर लहान मुलांना घेऊन एक कुटुंब नुकतंच आलं होतं, त्यांना रिकामं पाणी बघावं लागलं. त्याची लाज मला आजही वाटते. हे पक्षी हिमालयापलीकडून उडत येतात, मार्चच्या सुमारास परत तेवढंच उडायचं असतं, त्यासाठी इथे खाऊन चरबी साठवतात, आपण एकदा उडवलं की त्यातली थोडी जळते. दिवसातून दहा जणांनी असं केलं तर काय होत असेल विचार करा.

त्यानंतर मी पद्धत बदलली. पक्ष्याकडे जायचं नाही, पक्षी कुठे येतो ते आदल्या दिवशी बघून ठेवायचं आणि तो यायच्या आधी तिथे जाऊन बसायचं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा, मागे झाडाचा आडोसा, अंगावर मळकट चादर. बाभळीखाली असाच तासभर बसलो होतो, पाय मुंग्यांनी भरले होते, तेवढ्यात एक चित्रबलाक, करकोच्याच्या जातीचा मोठा पक्षी, चरत चरत माझ्याच बाजूला आला. अर्धी उघडी चोच पाण्यात, मान डावीकडून उजवीकडे, एक पाय चिखलात हलवून मासा बाहेर काढायचा. तो बघून पकडत नाही, चोचीला मासा लागला की ती मिटते. इतक्या जवळ आला की चोच मिटल्याचा टप असा आवाज ऐकू आला, शेपटाजवळची गुलाबी पिसं ओली झालेली दिसली. मी आठ-दहाच फोटो काढले, बाकी वेळ नुसता बघत होतो.

पक्षी तुमच्यामुळे अस्वस्थ झालाय हे ओळखायला शिका. खाणं थांबवून मान ताठ केली, तुमच्याकडे पाठ करून चालायला लागला, टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, म्हणजे तुम्ही फार जवळ आहात, मागे फिरा. टिटवी तर अंडी उघड्यावर दगडगोट्यांतच घालते, पायाखाली कधी येतील कळणार नाही. घरट्याचे फोटो काढूच नका, आपण उभे राहिलो की आई-बाप दूर राहतात आणि कावळ्यांना आयती जागा कळते. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं पण नको, त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो भांडायला येतो आणि आपण त्याला फोटो म्हणतो. द्राक्षबागेत किंवा उसात शिरायचं असेल तर आधी मालकाला राम राम करून विचारा, शेतकरी नाही म्हणत नाहीत, उलट भोवत्या नावाचा शिकारी पक्षी कुठे बसतो तेही दाखवतात.

अंजनेरीला गिधाडं बघायला जाणाऱ्यांना एकच विनंती. लांब चोचीची गिधाडं कड्यांवर हिवाळ्यातच घरटी करतात, त्यामुळे कड्याच्या टोकावर जाऊन खाली कॅमेरा लावू नका आणि ड्रोन तर नकोच. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशातली जवळपास सगळी गिधाडं संपली, 2006 मधे त्याच्यावर बंदी आली, गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. आता उरलेल्यातलं एक पिल्लू जाणं परवडणारं नाही.

जानेवारीत बाहेर पडताना गाडीत एक सुती कापड आणि भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. संक्रांतीत येवल्यापासून नाशिकपर्यंत पतंगच पतंग, आणि बंदी असूनही नायलॉन मांजा झाडाझाडावर लटकलेला असतो. अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका, पंख आणखी कापला जातो. पक्ष्यावर कापड टाका म्हणजे अंधारात तो शांत होतो, दोरा थोडा लांबून कात्रीने कापा, पंखात गुंतलेला तसाच राहू द्या, खोक्यात ठेवा, चोचीत जबरदस्तीने पाणी घालू नका आणि वनविभागाच्या 1926 नंबरला फोन करा.

घरी आल्यावर फोटो नंतर बघा, आधी यादी लिहा, तारीख, वेळ, जागा, कोणता पक्षी, अंदाजे किती. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाईटवर टाकली तर अभ्यासकांना उपयोगी पडते, पण घरट्याची किंवा दुर्मिळ घुबडाची नेमकी जागा कुठेही टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात.

मार्चनंतर बदकं गेली की कॅमेरा कपाटात जातो बहुतेकांचा, तसं करू नका. गच्चीत सावलीला मातीचं परळ ठेवा, पसरट, पाणी दोन-तीन बोटंच, मधे एक खडबडीत दगड, आणि रोज सकाळी घासून पाणी बदला नाहीतर डास होतात. शेजारी कुंडीत एक वाळकी फांदी खोचा, पक्षी पाण्यावर थेट उतरत नाही, आधी तिथे बसून आजूबाजूला बघतो, तुमचा फोकस त्या फांदीवर तयार पाहिजे. पहिले आठ-दहा दिवस कोणी फिरकणार नाही. आमच्याकडे अकराव्या दिवशी बुलबुल आला, दगडावर बसला, दोन घोट पाणी प्यायला आणि मग अख्खा आत उतरून आंघोळ करून गेला.