कागदी जॉबकार्ड बंद करताना: सातपूर-अंबडमधल्या नव्या सुपरवायझरसाठी

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात नव्याने सुपरवायझर झालात की एखादा बदल तुमच्या गळ्यात पडतोच. समजा, कागदी जॉबकार्ड (कोणत्या मशीनवर कोणतं काम किती झालं, ते लिहायचा कागद) बंद करून मशीनजवळच्या टॅबवर नोंदी सुरू करायच्या आहेत. ‘लोकांना बदल नको असतो’ हे मीटिंगमध्ये हमखास ऐकाल. खरं तर लोकांना नुकसान नको असतं. म्हणून आधी वहीत दोन रकाने आखा: कोण, आणि त्याचं काय जातंय. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा जुना ऑपरेटर आता आयटीआयच्या पोराला विचारून बटण दाबणार. त्याचा मान जातो. रजिस्टर भरणाऱ्याचा ओव्हरटाइम जातो. मानाचा प्रश्न असलेल्याला चारचौघांत शिकवू नका. त्याला सगळ्यांच्या आधी, एकट्याला अर्धा तास द्या आणि पुढे इतरांना त्याच्याकडूनच शिकवून घ्या. ओव्हरटाइमचं मात्र गोड बोलून भागत नाही. त्याचं काय होणार ते एचआरकडून आधीच पक्कं करून घ्या. शिफ्टच्या वेळांना किंवा भत्त्यांना हात लागणार असेल तर कायद्याने 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. युनियनच्या प्रतिनिधीला ती थेट बोर्डावर वाचायला मिळाली, तर पुढचं सगळं अवघड.

सुरुवात एकाच लाइनवर करा, तीही सर्वांत घाईची नको. महिनाअखेरीची डिस्पॅचची धांदल टाळा. 2027 च्या सिंहस्थातल्या पर्वण्यांचे दिवस तर सोडाच. रस्ते वळवले की कंपनीच्या बसचा भरवसा नाही.

कागद आणि टॅब दोन आठवडे बरोबर चालवा, पण कागद कधी बंद होणार ती तारीख पहिल्याच दिवशी बोर्डावर लिहा. तारीख नसली की दोन्ही चालूच राहतात, आणि शिफ्ट सुटताना कागदावरचं टॅबवर उतरवण्याचं दुप्पट काम ऑपरेटरच्या माथी बसतं. स्क्रीन मराठीत हवी. कूलंटने, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाने, ओल्या झालेल्या हातमोज्यांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, हे ऑफिसात बसून कळत नाही. टॅब घेण्याआधी मशीनवर हातमोजे घालूनच तपासा.

सगळ्यात मोठा घोळ पहिल्या आठवड्यात होतो. मशीन बंद राहिल्याचा आकडा टॅबवर दिसतो आणि मॅनेजर तो घेऊन ऑपरेटरला झापतो. दुसऱ्या दिवसापासून कारणांत फक्त ‘इतर’ वाढत जातं, आणि मग त्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. पहिला महिना या नोंदींवरून कुणाला बोलायचं नाही, हे मॅनेजरकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या.

उत्साहाची भाषणं चहाच्या सुट्टीबरोबर संपतात. तक्रारीचा निकाल दुसऱ्या दिवशी बोर्डावर दिसला, भले तो ‘जमणार नाही, कारण अमुक’ असा असो, तर लोक पुन्हा बोलतात. तिसऱ्या शिफ्टला मात्र ट्रेनरही भेटत नाही आणि साहेबही. पहिल्या आठवड्यात दोन रात्री तरी तिथे उभे राहा, टॅबचा चार्जर सोबत घेऊन.